दहा सेंटांचें नाणें आणि एक डोकेदुखी

१२ एप्रिल १९४५ रोजीं दुपारीं अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे जॉर्जिया राज्यांतील वॉर्म स्प्रिंग्ज या गांवीं आपल्या लहानशा घरांत बसले होते. समोर एक चित्रकर्ती त्यांचें चित्र रंगवीत होती. एकाएकीं त्यांचा हात कपाळाकडे गेला. डोक्याच्या मागल्या बाजूस भयंकर वेदना होत आहे, एवढेंच ते बोलले आणि बेशुद्ध झाले. त्यानंतर अडीच तासांच्या आंत त्यांचें देहावसान झालें. चित्र अपुरेंच राहिलें. मेंदूंत रक्तस्राव झाला, असें डॉक्टरांनीं जाहीर केलें. पुष्कळ वर्षें वाढत गेलेला रक्तदाब हें त्याचें उघड कारण होतें. परंतु शवपरीक्षा झाली नाहीं, त्यामुळें कोणती वाहिनी कोठें फुटली हें नक्की सांगणें पुढें कोणासहि शक्य झालें नाहीं.

याच गृहस्थांच्या नांवाशीं रेडिओची एक गोष्ट निगडित आहे, आणि आजच्या विषयाचा आरंभ तेथूनच करणें योग्य. १९२१ सालीं, वयाच्या एकुणचाळिसाव्या वर्षीं, पोलिओचें निदान होऊन रूझवेल्ट यांचे पाय कायमचे लुळे पडले. १९३८ च्या जानेवारींत त्या रोगाशीं झुंजण्यासाठीं त्यांच्या पुढाकारानें एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्यासाठीं एडी कँटर नांवाच्या विनोदी नटानें रेडिओवरून लोकांना आवाहन केलें कीं, प्रत्येकानें दहा सेंटांचें एक नाणें थेट अध्यक्षांकडे पाठवून द्यावें. अध्यक्षांच्या निवासस्थानीं टपालाचा अक्षरशः पूर लोटला. २६ लाख ८० हजार नाणीं आलीं. त्यांत धनिकांचीं होतीं तशींच शाळकरी मुलांचींहि होतीं. पुढें वर्षानुवर्षें असाच पैसा जमत गेला, त्यांतून संशोधन झालें, आणि १२ एप्रिल १९५५ रोजीं डॉक्टर जोनास साल्क यांची लस गुणकारी ठरल्याचें मिशिगन विद्यापीठांत जाहीर करण्यांत आलें. रूझवेल्ट यांच्या मृत्यूस त्याच दिवशीं बरोबर दहा वर्षें पूर्ण झालीं होतीं.

ज्या रोगानें त्यांचे पाय नेले त्याच्यासाठीं राष्ट्रानें वर्गणी जमविली. ज्या व्याधीनें त्यांचे प्राण नेले तिच्यासाठीं मात्र त्या काळीं कोणी नाणें मागितलें नव्हतें. मेंदूंतील रक्तवाहिनी फुटणें हा दैवाचा घाला समजला जाई, आणि दैवाशीं झगडण्यासाठीं वर्गणी गोळा करावी असें कोणाच्या मनांत येत नसे. आज त्याच देशांत या व्याधीच्या एका प्रकारासाठीं, मेंदूंतील धमनीच्या फुगवट्यासाठीं, गांवोगांव आरोग्यमेळे भरतात, लोक पायीं फेऱ्या काढतात आणि निधि जमवितात. या मेळ्यांतून नेमकें काय साधतें, आणि जमलेल्या पैशापेक्षां अधिक मोलाचें असें कांहीं त्यांतून हातीं लागतें काय, हा विचार आपल्या घरांतहि करण्याजोगा आहे.

प्रथम ही व्याधि कोणती तें पाहूं. मेंदूच्या तळाशीं धमन्यांचें एक वर्तुळ आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें १६६४ सालीं आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें, म्हणून त्यास विलिसचें वर्तुळ म्हणतात. या वर्तुळांतून जेथें जेथें फांटे फुटतात, तेथें तेथें रक्ताच्या प्रवाहाचा आघात धमनीच्या भिंतीवर अधिक होतो. जुन्या झालेल्या सायकलच्या ट्यूबवर एखाद्या झिजलेल्या जागीं जसा फुगा येतो, तसा या दुबळ्या जागीं धमनीच्या भिंतीस फुगवटा येतो. डॉक्टर यास ॲन्युरिझम म्हणतात. तो बहुधा लहानशा फळासारखा देंठावर लोंबत असतो. जन्मतःच तो तेथें असतो अशी एके काळीं समजूत होती. परंतु बहुतेकांच्या बाबतींत तो आयुष्याच्या ओघांत हळूहळू तयार होतो. तंबाखूचें धूम्रपान आणि वाढलेला रक्तदाब हे त्याचे दोन मोठे पाठीराखे होत. कांहीं घराण्यांत तो आनुवंशिकहि असतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांमध्यें त्याचें प्रमाण अधिक आढळतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. असा फुगवटा असलेलीं माणसें थोडीथोडकीं नाहींत. प्रौढ माणसांत शंभरांतून सुमारे तिघांना तो असतो, असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांना त्याची दादहि नसते. तीं माणसें आपला संसार करतात, म्हातारीं होतात आणि दुसऱ्याच एखाद्या कारणानें जगाचा निरोप घेतात. फुगवटा फुटण्याचा प्रसंग दर वर्षीं लाखांतून साधारण सहा ते दहा माणसांवर येतो. परंतु ज्यांच्यावर येतो त्यांच्यापैकीं एक तृतीयांश ते निम्मीं माणसें वांचत नाहींत, कांहीं तर इस्पितळाचें दारहि पाहत नाहींत, आणि जीं वांचतात त्यांतील पुष्कळांची स्मरणशक्ति, वाचा, हातापायांचें बळ किंवा मनाचा तोल पूर्ववत् होत नाहीं. शिवाय हा घाला विशेषेंकरून चाळिशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे घराचा भार खांद्यावर असलेल्या वयांत पडतो. या व्याधीचें खरें क्रौर्य तिच्या संख्येंत नसून तिच्या या वेळेंत आहे.

असें असलें तरी वैद्यकशास्त्र हात जोडून बसलें नाहीं. १९२७ सालीं लिस्बन येथें एगास मोनिझ यांनीं धमन्यांत औषध सोडून त्यांचें क्ष-किरणचित्र घेण्याची युक्ति काढली, आणि कवटी न उघडतां मेंदूच्या धमन्या डोळ्यांना दिसूं लागल्या. १९३१ सालीं एडिंबरो येथें नॉर्मन डॉट यांनीं एका रुग्णाचा फुटलेला फुगवटा उघडा करून त्याच्याच मांडीच्या स्नायूचे तुकडे त्याभोंवतीं गुंडाळले आणि रक्त थांबविलें. १९३७ च्या मार्चमध्यें बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी यांनीं त्याहि पुढचें पाऊल टाकलें. त्यांच्या रुग्णाच्या डोळ्याच्या नसेवर फुगवट्याचा दाब पडून डोळा अधू झाला होता. डँडी यांनीं फुगवट्याच्या देंठावर चांदीचा एक इवलासा चिमटा बसवून त्याचा धमनीशीं असलेला संबंधच तोडून टाकला. पुढें अर्धशतकानें, १९९० सालीं, लॉस एंजेलिस येथें ग्विडो ग्युलिएल्मी यांच्या पद्धतीनें कवटीस हात न लावतां उपचार होऊं लागला: जांघेंतील धमनींतून एक बारीक नळी मेंदूपर्यंत न्यावयाची आणि तिच्यावाटे प्लॅटिनमच्या तारेचें वेटोळें फुगवट्यांत भरून तो बुजवून टाकावयाचा. या दोन्ही उपायांनीं साध्य होण्यासारखे फुगवटे फुटलेल्या २,१४३ रुग्णांची तुलना १९०० चें शतक संपल्यावर लवकरच, १९०२ नव्हे तर २००२ सालीं प्रसिद्ध झाली. चिमटा बसविलेल्यांपैकीं शंभरीं सुमारे ३१ जण वर्षाअखेर मृत वा परावलंबी झाले होते. तारेच्या उपायानें हा आंकडा सुमारे २४ वर आला.

म्हणजे उपाय आहेत आणि ते सुधारत आहेत. पण चांदीचा चिमटा असो कीं प्लॅटिनमची तार असो, रुग्ण वेळेवर शस्त्रवैद्याच्या हातीं पोहोंचला नाहीं तर दोन्ही व्यर्थ. एकदां फुटलेला फुगवटा कित्येकदां रक्ताच्या गुठळीनें तात्पुरता बुजतो. माणूस किंचित् सांवरतो, घरच्यांनाहि हायसें वाटतें. परंतु तो पुन्हां फुटण्याचा धोका पहिल्या अहोरात्रांत सर्वांत अधिक असतो, आणि दुसरा स्राव पहिल्याहून बहुधा घातक ठरतो. तेव्हां जें कांहीं मिळवावयाचें किंवा गमवावयाचें तें याच थोड्या तासांत. हे तास घरांत जातात, शस्त्रक्रियागृहांत नव्हे. म्हणूनच या व्याधीशीं झगडण्याचें अर्धें काम सामान्य माणसाकडे येतें, आणि आरोग्यमेळ्यांचा जन्म याच जाणिवेंतून झाला.

१९९४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत 'ब्रेन ॲन्युरिझम फाउंडेशन' ही संस्था निघाली. अशाच आणखीहि संस्था पुढें निघाल्या, आणि सप्टेंबर हा महिना तिकडे या व्याधीविषयीं लोकजागृति करण्याचा महिना म्हणून पाळला जाऊं लागला. त्या सुमारास एखाद्या गांवच्या बागेंत सकाळीं लोक जमतात. माफक प्रवेशमूल्य घेऊन चार-पांच किलोमीटरची पायीं फेरी निघते. कोणाच्या सदऱ्यावर गेलेल्या पत्नीचें छायाचित्र छापलेलें असतें, तर कोणाच्या पाठीवर बंधूचें नांव. शेजारीं एखादी परिचारिका लोकांचा रक्तदाब मोजीत बसलेली असते. कोठें योगासनांचा वर्ग चालतो, कोठें घरीं केलेलीं बिस्किटें विकून निधींत भर घातली जाते. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होऊन जे वांचले, ते या फेरींत सर्वांच्या पुढें चालतात. कोणी काठी टेकीत, कोणी आपल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. वाद्यें वाजत असतात, लहान मुलें धांवत असतात, आणि एखाद्या जत्रेंत असावें तसें वातावरण असतें. मात्र या जत्रेंतील प्रत्येक चौथा-पांचवा माणूस कोणाची तरी आठवण घेऊन आलेला असतो.

या कार्याकडे जी माणसें वळलीं त्यांपैकीं दोघांच्या कथा सर्वश्रुत आहेत. जो नीक्रो हा बेसबॉलच्या खेळांतील नामांकित गोलंदाज. मोठ्या सामन्यांत त्यानें दोनशेंहून अधिक विजय मिळविले होते. २००६ च्या ऑक्टोबरमध्यें, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, मेंदूंतील फुगवटा फुटून तो फ्लोरिडांतील टँपा येथें मरण पावला. त्याच्या कन्येनें शोकाचें रूपांतर कार्यांत केलें आणि पित्याच्या नांवानें संस्था काढून संशोधनासाठीं निधि जमविण्यास आरंभ केला. दुसरी कथा इंग्लंडमधील अभिनेत्री एमिलिया क्लार्क हिची. २०११ सालीं, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षीं, लंडन येथील एका व्यायामशाळेंत व्यायाम करीत असतांना तिला असह्य डोकेदुखी सुरू झाली. तिला तांतडीनें इस्पितळांत नेण्यांत आलें, फुगवटा बुजविण्यांत आला आणि ती वांचली. परंतु कांहीं काळ तिला स्वतःचें नांवहि उच्चारतां येईना. २०१३ सालीं दुसऱ्या एका फुगवट्यासाठीं तिच्यावर पुन्हां उपचार करावे लागले. २०१९ सालीं तिनें ही हकीकत जगापुढें मांडली आणि मेंदूस इजा झालेल्यांना पुन्हां उभें राहण्यास साहाय्य व्हावें म्हणून एक धर्मादाय संस्था काढली. नीक्रोच्या कन्येचा भर संशोधनावर, तर क्लार्कचा वांचलेल्यांच्या पुढील आयुष्यावर. दोघींच्या कार्यांतून या व्याधीचीं दोन टोंकें दिसतात.

आतां जमलेल्या पैशाविषयीं. बागेंतील फेरींतून जमणारी रक्कम मोठ्या सरकारी अनुदानाच्या मानानें अल्पच असते. परंतु लहान रकमेचें एक वैशिष्ट्य असतें. ज्या तरुण संशोधकाच्या कल्पनेस अद्यापि कोणी पुढाकार देत नाहीं, त्याला पहिल्या प्रयोगापुरतें बळ तिच्यांतून मिळतें. तो प्रयोग साधला तर मोठें अनुदान मागून येतें. कोणता फुगवटा फुटेल आणि कोणता आयुष्यभर निद्रिस्त राहील, हें आधींच ओळखतां आलें तर केवढें काम होईल! लाखों माणसांची भीति दूर होईल आणि ज्यांना खरोखर धोका आहे त्यांच्यावर वेळींच उपचार करतां येतील. या प्रश्नाचें पूर्ण उत्तर अद्यापि मिळालेलें नाहीं. म्हणून संशोधनासाठीं दिलेला पैसा वायां जात नाहीं.

तथापि या मेळ्यांचें खरें धन त्यांच्या पेटींत नसतें. २००४ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत ४८२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सर्वांच्या मेंदूभोंवतीं रक्तस्राव झालेला होता. त्यांपैकीं ५६ जणांचें, म्हणजे शंभरीं सुमारे बारांचें, निदान प्रथम चुकलें होतें. चुकलेल्या निदानांत सर्वांत अधिक वेळां ती नेहमींची अर्धशिशी किंवा ताणानें आलेली डोकेदुखी समजली गेली. चूक कशामुळें झाली? बहुतेकांच्या डोक्याचें सी.टी. चित्रच प्रथम काढलें गेलें नव्हतें. याहून दुःखद गोष्ट अशी कीं, चुकलेले रुग्ण बहुधा तेच, जे आरंभीं चांगल्या स्थितींत होते, चालत आले होते, बोलत होते. ज्यांना वांचविणें सर्वांत सोपें होतें तेच परत पाठविले गेले.

डॉक्टरहि माणूसच आहे. त्याच्यापुढें दिवसांतून कितीतरी डोकेदुख्या येतात, आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवीच असतात. अशा वेळीं रुग्णाचा वा त्याच्याबरोबर आलेल्या माणसाचा एक शब्द निर्णायक ठरूं शकतो. "डोकें दुखतें आहे" या वाक्यानें कोणी दचकत नाहीं. परंतु "दहा मिनिटांपूर्वीं डोकें चांगलें होतें, मग क्षणार्धांत, वीज पडावी तशी, जन्मांत कधीं झाली नाहीं अशी वेदना उसळली," असें जो सांगतो, त्याच्या शब्दांत निदान सामावलेलें असतें. या व्याधीचें मुख्य लक्षण वेदनेच्या तीव्रतेइतकेंच तिच्या वेगांत आहे: ती एका मिनिटाच्या आंतबाहेर शिगेस पोहोंचते. तिच्याबरोबर वांति होणें, मान ताठणें, उजेड सहन न होणें, क्षणभर शुद्ध हरपणें, झटके येणें, एकाचीं दोन दिसणें किंवा एका डोळ्याची पापणी खालीं येऊन बुबुळाची बाहुली मोठी होणें, यांपैकीं कांहीं असेल तर संशयास जागाच उरत नाहीं. आणि यांपैकीं एकहि लक्षण नसलें तरी अशी एकाएकीं उसळलेली वेदना एकटीच पुरेशी आहे.

अशा वेळीं इस्पितळांत काय करतात, हेंहि ठाऊक असलेलें बरें. वेदना सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आंत काढलेल्या चांगल्या सी.टी. चित्रांत हा रक्तस्राव जवळजवळ नेहमीं दिसून येतो. वेळ जसजसा जातो तसतसें रक्त विरळ होतें आणि चित्र बोलेनासें होतें. मग पाठीच्या कण्यांतून पाणी काढून त्यांत रक्ताचा अंश आहे काय हें पाहावें लागतें. म्हणून "सकाळपर्यंत वाट पाहूं" या तीन शब्दांनीं दुहेरी हानि होते. फुगवटा पुन्हां फुटण्याची संधि वाढते, आणि निदानाचें सर्वांत सोपें साधन बोथट होत जातें.

परंतु जागृतीलाहि एक दुसरी बाजू आहे, आणि प्रामाणिक मेळ्यानें ती झांकूं नये. निधि जमवितांना भीतीचा उपयोग करण्याचा मोह फार असतो. प्रत्येकाच्या डोक्यांत एक स्फोटक दडलेला आहे असें सांगितलें कीं पेटी लवकर भरते. पण घरीं जातांना माणूस शहाणपणाऐवजीं धास्ती घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशीं काहीं त्रास नसतां डोक्याचें चित्र काढून घेण्यास धांवतो. त्यांत एखादा बारीकसा, कधींच न फुटणारा फुगवटा सांपडला, तर त्याची पुढची सारी वर्षें काळजींत जातात. आणि तो काढून टाकावा म्हटलें तर शस्त्रक्रियेचाहि धोका असतोच. म्हणूनच धडधाकट माणसांनीं सरसकट तपासणी करून घ्यावी असें तज्ज्ञ सांगत नाहींत. ज्यांच्या आईबाप, भावंडें वा मुलें यांपैकीं दोघांना किंवा अधिकांना ही व्याधि झाली आहे, किंवा ज्यांच्या घराण्यांत मूत्रपिंडांत पाण्याचे फोड होत जाण्याचा आनुवंशिक रोग आहे, त्यांनीं तपासणीविषयीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतरांनीं निश्चिंत असावें आणि लक्षण तेवढें ध्यानांत ठेवावें.

तीच गोष्ट आरोग्यसाधनेच्या गुणगानाची. मेळ्यांतील फेरी, आसनें किंवा प्राणायाम यांनीं धमनीवर आलेला फुगवटा विरघळून जात नाहीं. तसें कोणी सांगत असेल तर तो भोळा तरी असला पाहिजे किंवा लबाड तरी. क्लार्कला तो आघात व्यायामशाळेंतच झाला. परंतु जें खरोखर आपल्या हातीं आहे तें दोन वाक्यांत सांगतां येतें: धूम्रपान सोडावें आणि रक्तदाब नियमितपणें मोजून, डॉक्टरांच्या सल्ल्यानें, तो आटोक्यांत ठेवावा. मेळ्यांत रक्तदाब मोजणारी ती परिचारिका बसलेली असते, तिचें टेबल म्हणूनच सर्वांत महत्त्वाचें.

येथवर अमेरिका आणि इंग्लंड यांची गोष्ट झाली. परंतु विलिसचें वर्तुळ पुण्यामुंबईच्या माणसाच्या डोक्यांतहि तेंच आहे. आपल्याकडे डोकेदुखी हा घरगुती विषय. पित्त खवळलें असेल, ऊन लागलें असेल, जागरण झालें असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. सुंठ उगाळून कपाळास लावली, बाम चोळला, खोलींत अंधार केला आणि निजून राहिलें कीं संपलें. सहस्रांतून नऊशें नव्याण्णव वेळां हें खरेंहि ठरतें. म्हणून तर हजाराव्या वेळीं घात होतो. त्यांतून घरांतील गृहिणीची डोकेदुखी म्हणजे कोणाच्याच खिजगणतींत नसलेली गोष्ट. सर्वांचीं पानें वाढून होईपर्यंत ती बोलतच नाहीं, आणि बोलली तरी "जरा पडून राहा, बरें वाटेल," याहून अधिक उत्तर तिला मिळत नाहीं. ही व्याधि स्त्रियांना अधिक होते, आणि आपल्या घरांत स्त्रियांचीच वेदना सर्वांत उशिरां ऐकली जाते. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतें, हें सांगण्यास कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नाहीं.

वर्गणीची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा मागत गांवोगांव हिंडून पैसा फंड उभा केला, आणि त्यांतून तळेगांवचा कांचकारखाना निघाला. एका पैशानें कारखाना निघतो यावर आधीं कोणाचा विश्वास बसला असता? त्या फंडानें जमविलेल्या रकमेइतकेंच महत्त्व, ज्यानें पैसा दिला त्याला हें कार्य आपलें वाटूं लागलें, या गोष्टीस होतें. आज गणेशोत्सवाची वर्गणी प्रत्येक घरांत दिली जाते. तो उत्सव पुष्कळदां सप्टेंबरांतच येतो, आणि अनेक मंडळें त्या निमित्तानें रक्तदानाचीं शिबिरें भरवितात. त्याच मंडपाच्या एका कोंपऱ्यांत रक्तदाब मोजण्याची सोय करावी, आणि जो कोणी बाही वर सारून बसेल त्याला त्या एका डोकेदुखीचें लक्षण समजावून सांगावें, एवढ्यास फारसा खर्च नाहीं. वर्गणी घेतांना पावती देतात. त्या पावतीच्या मागें चार ओळी छापल्या तरी पुष्कळ झालें. एकाएकीं, क्षणार्धांत, जन्मांत झाली नाहीं अशी डोकेदुखी उसळली तर गोळी घेऊन निजूं नये. स्वतः गाडी चालवूं नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रांत ही सेवा २०१४ पासून विनामूल्य आहे. जेथें सी.टी. चित्र काढण्याची सोय आहे अशा इस्पितळांत जावें, आणि वेदना किती वाजतां व किती वेगानें आली हें डॉक्टरांना सर्वांत आधीं सांगावें.

अर्थात् पावतीवरील चार ओळींनीं प्रत्येक प्राण वांचेल असें नाहीं. कित्येक वेळां पहिलाच स्राव इतका मोठा असतो कीं मनुष्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. ज्या घरांत असा प्रसंग होऊन गेला आहे, त्या घरच्यांनीं आपणांस दोष लावून घेऊं नये. जें ठाऊक नव्हतें त्याचा अपराध कोणावर येत नाहीं. परंतु जें एकदां ठाऊक झालें, तें शेजाऱ्यापासून लपवून ठेवणें मात्र बरें नव्हे. बागेंतील त्या फेरींत छायाचित्र छातीशीं धरून चालणारा माणूस हेंच करीत असतो. त्याचें माणूस परत येणार नाहीं हें तो जाणतो. दुसऱ्या कोणाचें तरी वेळेवर दारांतून बाहेर पडावें, एवढ्यासाठीं तो चालत असतो.

रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षीं, १९४६ च्या जानेवारींत, त्यांच्या जन्मदिनीं अमेरिकेनें दहा सेंटांचें नवें नाणें काढलें आणि त्यावर त्यांची मुद्रा उमटविली. ज्या नाण्यांनीं पोलिओ हटविण्यास हातभार लावला, त्याच नाण्यावर ते विराजमान झाले. त्या मुद्रेकडे पाहतांना पोलिओवरील विजय सर्वांना आठवतो. वॉर्म स्प्रिंग्जच्या त्या दुपारीं कपाळाकडे गेलेला हात मात्र क्वचितच कोणाला आठवतो. तोहि आठवावा. आपल्या घरांत कोणाचा हात तसा एकाएकीं कपाळाकडे गेला, तर पाटावरून, पलंगावरून, हातांतील कामावरून उठावें आणि विचारावें, ही वेदना केव्हां आली, आणि किती वेगानें आली. या प्रश्नास वर्गणी पडत नाहीं.